ट्रक काट्यावर चढतो तेव्हा नेमकं काय मोजलं जातं?

पुण्याजवळ नवले पुलाच्या उतारावर मोठा अपघात झाला, की पुढच्या आठवड्यातल्या बातम्या ठरलेल्या असतात. आरटीओची वायुवेग पथकं, म्हणजे फिरती तपासणी पथकं, महामार्गावर उतरतात, टोलनाक्याच्या अलीकडे ट्रक बाजूला घेतले जातात, किती वाहनांवर कारवाई झाली त्याचे आकडे छापून येतात. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री या उतारावर एका ट्रकमुळे झालेल्या अपघातात ४८ वाहनांचं नुकसान झालं. १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच परिसरात कंटेनरनं वाहनांना धडक दिली, आग लागली, माणसं जळून गेली. दोन्ही वेळा लोकांची मागणी एकच होती: जड वाहनं नीट तपासा.

पण तपासायचं म्हणजे काय करायचं? ट्रक थांबवून कोण काय बघतं? जास्त वजन सापडलं तर दंड भरून तो पुढे जाऊ शकतो का? रोज या ट्रकांच्या मागेपुढे गाडी चालवणाऱ्या बहुतेकांना हे ठाऊक नसतं आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण दंडाची रक्कम सोडून याबद्दल फारसं छापून येतच नाही. या सगळ्या व्यवस्थेत सर्वात महत्त्वाची गोष्ट दंडाची नाही, जादा माल उतरवण्याची आहे. ती का, हे समजायला आधी वजनाचा हिशोब बघावा लागेल.

एकूण वजन वेगळं, एक्सलवरचं वजन वेगळं

ट्रकवाल्यांच्या तोंडी ‘पासिंग’ हा शब्द असतो. ‘गाडीचं पासिंग २८ टन’ म्हणजे रिकामा ट्रक आणि त्यातला माल मिळून २८ टनांपर्यंत वजन कायद्याला मंजूर आहे. ही मर्यादा आरसीवर लिहिलेली असते. तिच्यासोबत प्रत्येक एक्सलवर किती वजन चालेल याचीही नोंद असते. एक्सल म्हणजे डावी-उजवी चाकं जोडणारा आडवा दांडा. ट्रकचं सगळं ओझं याच दांड्यांमार्फत चाकांवर आणि चाकांमार्फत रस्त्यावर येतं.

चार जण लोखंडी कपाट उचलून जिना चढतात तेव्हा कपाटाचं वजन तेवढंच असतं, पण खालच्या पायरीवरच्या दोघांच्या हातात त्यातला मोठा वाटा येतो. ट्रकमध्येही असंच होतं. एकूण वजन मर्यादेत असलं तरी माल पुढे किंवा मागे सरकवून भरला असेल तर एकच एक्सल मर्यादेबाहेर जातो. म्हणून एकूण वजनाची पावती दाखवून ‘बघा, आमची गाडी अंडरलोड आहे’ असं म्हणणारा चालक प्रामाणिक असू शकतो आणि तरीही त्याचा मागचा एक्सल ओव्हरलोड असू शकतो.

आपल्याकडच्या मर्यादा २०१८ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं वाढवल्या. चार टायरांच्या एका एक्सलला पूर्वी १०.२ टन चालायचे, आता ११.५ टन चालतात. जवळजवळ लावलेल्या दोन एक्सलच्या जोडीला १९ ऐवजी २१ टन आणि तीनच्या जोडीला २४ ऐवजी २७ टन. साध्या सहा चाकी ट्रकचं एकूण मंजूर वजन १६.२ वरून १८.५ टनांवर गेलं आणि सर्वात मोठ्या ट्रेलरचं ४९ वरून ५५ वर. ओव्हरलोड भरतातच, तर मर्यादाच वास्तवाजवळ आणू, वाहतुकीचा खर्चही कमी होईल, असा त्यामागचा विचार होता. रस्त्यांना त्याची काय किंमत मोजावी लागली, ते पुढच्या हिशोबात दिसेल.

चौथ्या घाताचा हिशोब

१९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ मुद्दाम रस्त्यांची वर्तुळं बांधून त्यांवर वेगवेगळ्या वजनांचे ट्रक रात्रंदिवस फिरवले गेले. कोणत्या वजनाला कोणता रस्ता किती लवकर खचतो, हे मोजायचं होतं. त्यातून हाती आलेला नियम आजही जगभरचे रस्ता-अभियंते वापरतात आणि भारतातल्या डांबरी रस्त्यांच्या आराखड्याचं गणितही त्यावरच उभं आहे: एक्सलवरचं वजन जितक्या पटीनं वाढतं, त्याच्या साधारण चौथ्या घातानं रस्त्याचं नुकसान वाढतं.

चौथा घात म्हणजे तीच संख्या चार वेळा मांडून गुणणं. एक्सलवर दुप्पट वजन आलं तर नुकसान दुप्पट होत नाही, १६ पट होतं. दीडपट वजनाला पाचपट. नुसतं २० टक्के जास्त भरलं तरी नुकसान दुपटीच्या वर जातं. २०१८ च्या बदलाला हेच गणित लावून बघा. १०.२ चे ११.५ टन झाले, म्हणजे वजन पावणेतेरा टक्क्यांनी वाढलं, पण एका एक्सलमागे होणारं नुकसान साठ टक्क्यांच्या आसपास वाढलं. आणि हे पूर्णपणे कायदेशीर वजन आहे.

हेच गणित छोट्या कारच्या एक्सलला लावलं तर उत्तरावर पटकन विश्वास बसत नाही. पाऊण टन वजनाचा कारचा एक्सल आणि साडेअकरा टनांचा ट्रकचा एक्सल यांच्यात नुकसानाचा फरक पन्नास हजार पटींहून मोठा निघतो. वजनाच्या दृष्टीनं पाहिलं तर आपल्या कारमुळे रस्ता जवळपास झिजतच नाही.

पुलांचा विचार थोडा वेगळा करावा लागतो. रस्त्याला एकेका एक्सलचा मार बसतो, पुलाला मात्र त्याच्यावर एकाच वेळी उभं असलेलं सगळं वजन आणि एक्सलमधली अंतरं महत्त्वाची असतात. आखूड बांध्याचा, गच्च भरलेला डंपर म्हणूनच लांब ट्रेलरपेक्षा लहान पुलाला जास्त जड जातो.

काटे कसे कसे असतात

सर्वांना माहीत असलेला काटा म्हणजे जमिनीत बसवलेला मोठा वजनकाटा, ज्याच्या प्लॅटफॉर्मवर अख्खा ट्रक उभा राहतो. त्याच्या खाली लोडसेल असतात. वजन पडलं की हे धातूचे ठोकळे अगदी सूक्ष्म वाकतात, त्यावर चिकटवलेल्या तारेचा विद्युत रोध बदलतो आणि तो बदल किलोत वाचला जातो. हा काटा सर्वात विश्वासाचा. मात्र तो फक्त एकूण वजन सांगतो. एक्सलचं वजन हवं असेल तर ट्रक टप्प्याटप्प्यानं पुढे घ्यावा लागतो.

दुसरे फिरते काटे. पथकाच्या गाडीतून नेता येतील असे चपटे पॅड रस्त्यावर ठेवायचे आणि त्यांवर चाकं चढवायची. सोय मोठी आहे, पण जागा सपाट हवी. उतारावर वजन खालच्या एक्सलकडे सरकतं. जोड-एक्सलपैकी एकच पॅडवर चढला आणि दुसरा खाली राहिला, तर उंच झालेला एक्सल स्वतःच्या वाट्याहून जास्त वजन दाखवतो. चालकानं ब्रेक दाबून धरला असेल तरीही आकडा बदलतो. म्हणून घाईघाईत, रस्त्याच्या तिरक्या कडेला घेतलेल्या वजनावर चालकानं हरकत घेतली तर ती ऐकून घ्यायला हवी.

तिसरा प्रकार चालत्या गाडीचं वजन घेणारा. टोलनाक्याच्या लेनमध्ये जमिनीत पट्टी दिसते ती याचीच. हळू गतीवर चालणारे असे काटे आपल्याकडे टोलनाक्यांवर आहेत. महामार्गाच्या वेगातही वजन टिपणारे संवेदक जगात वापरात आहेत. अडचण अशी की चालता ट्रक सतत वरखाली होत असतो. संवेदकावरून जाताना तो नेमका उसळलेला असेल तर वजन कमी दिसतं, दबलेला असेल तर जास्त. चालत्या काट्याचा खरा उपयोग चाळणीसारखा आहे: शंभर ट्रकांतले संशयास्पद दहा बाजूला काढायचे, बाकीच्यांना वेळ न घालवता जाऊ द्यायचं आणि त्या दहांना स्थिर काट्यावर घ्यायचं. मोटार वाहन नियमांत २०२१ साली घातलेल्या १६७-अ या नियमानं स्पीड कॅमेऱ्यांच्या बरोबरीनं अशा वजनयंत्रांनाही इलेक्ट्रॉनिक कारवाईच्या साधनांत स्थान दिलं, पण यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र असण्याची अट घालून.

टँकरचं वजन करणं आणखी अवघड. अर्धा भरलेला टँकर हलला की आतला द्रव पुढेमागे झेपावतो आणि एक्सलचे आकडे क्षणाक्षणाला बदलतात. तो पूर्ण शांत उभा राहिल्यावर, एकाच वेळी सगळा काट्यावर घेऊनच मोजावा.

शेवटचा मुद्दा लिफ्ट एक्सलचा. बऱ्याच बारा-चौदा चाकी गाड्यांना वर उचलता येणारा एक एक्सल असतो. गाडी रिकामी असताना तो उचलला की टायर वाचतात. माल भरल्यावर तो खाली हवा. काही चालक भरल्या गाडीतही तो वर ठेवतात आणि नाका दिसला की खाली सोडतात. काट्यावर सगळं बरोबर दिसतं, पण त्याआधीच्या शेकडो किलोमीटरमध्ये उरलेल्या एक्सलांनी रस्त्याची आणि स्वतःची वाट लावलेली असते.

थांबवल्यावर कायद्यानं काय घडतं

मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ११३ वजनाच्या मर्यादा घालतं. कलम ११४ प्रमाणे अधिकाऱ्याला ट्रक ओव्हरलोड असल्याचं वाटण्यासारखं कारण असेल तर तो गाडी काट्यावर न्यायला सांगू शकतो. मात्र वाटेल तेवढं लांब नाही. काटा पुढच्या मार्गापासून १० किलोमीटरच्या आत किंवा जिथे माल जायचा त्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आत हवा. वजन जास्त निघालं तर अधिकारी लेखी आदेश देऊन जादा माल तिथेच उतरवायला लावू शकतो. उतरवलेल्या मालाची जोखीम चालकाची. वजन मर्यादेत येईपर्यंत गाडी हलवता येत नाही.

दंडाचं कलम १९४. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कोणत्याही ओव्हरलोडला सरळ २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार, शिवाय माल उतरवण्याचा खर्च. काट्यावर जायला नकार दिला किंवा वजन होण्याआधीच माल टाकून दिला तर ४० हजार. माल गाडीच्या बाजूंनी, मागे-पुढे किंवा वर मर्यादेबाहेर डोकावत असेल तर वजन कितीही असो, २० हजार. हे शेवटचं कलम कडबा, कापूस, भुस्सा यांच्या गाड्यांसाठी महत्त्वाचं. हा माल हलका असतो, काट्यावर सापडत नाही, पण उंच रचल्यावर गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर ती आडवी होते.

या दुरुस्तीनं माल उतरवल्याशिवाय गाडी सोडायची नाही ही अट थेट दंडाच्या कलमातच लिहिली. त्यामागे इतिहास आहे. काही राज्यांत पूर्वी ठरावीक पैसे भरून ओव्हरलोड चालवण्याची मुभा देणारी कार्डं निघत. सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली सांगितलं की तडजोडीची रक्कम भरली म्हणजे तेच जादा वजन घेऊन पुढे जायचा परवाना मिळत नाही. दंड भरून सुटलेला ओव्हरलोड ट्रक अगदी आधीइतकाच जड असतो. त्याचे ब्रेक तेवढेच कमी पडतात, रस्ता तेवढाच खचतो. फरक पडतो तो मालकाच्या खिशात. तो खड्डा भरून काढायला पुढची फेरी आणखी भरून निघते.

प्रत्यक्षात माल उतरवला का जात नाही? कारण रस्त्याच्या कडेला दहा टन सिमेंट ठेवायचं कुठे, हमाल आणायचे कुठून, पाऊस आला तर जबाबदार कोण, दुसरी गाडी कधी येणार, हे प्रश्न पथकातल्या दोन-तीन माणसांना सोडवता येत नाहीत. तपासणीच्या जागेशेजारी बंदिस्त गोदाम आणि माल चढ-उताराची सोय नसेल तर कायद्यातली सर्वात कामाची तरतूद कागदावरच राहते. माझ्या मते पथकांची संख्या वाढवण्याआधी या सोयीवर पैसे खर्च व्हायला हवेत.

घाटात जादा वजनाचं काय होतं

वजनाचा आणि सुरक्षेचा संबंध सर्वात स्पष्ट दिसतो तो उतारावर. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण साडेचारशे मीटर खाली येते. एक टन वजन एवढं खाली आलं की जी ऊर्जा मोकळी होते तिच्यात तेरा-चौदा लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापेल. सहा टन जादा भरले असतील तर ऐंशी लिटरांहून जास्त पाणी तापवणारी उष्णता कायदेशीर वजनाच्या उष्णतेवर आणखी भर म्हणून येते. काही भाग इंजिन आणि हवेचा विरोध शोषून घेतात, उरलेली सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये आणि त्यावर घासून चाक थांबवणाऱ्या लायनरमध्ये जाते. लायनर फार तापले की त्यांची पकड सुटत जाते. चालक पॅडल दाबतो, पॅडल खाली जातं, गाडी मात्र थांबत नाही. ‘ब्रेक फेल’ म्हणून बातमीत येतं त्यातलं बरंच काही हे असतं. पाइप फुटलेला नसतो, ब्रेकची ताकद तापून संपलेली असते.

दुसरं कारण चालकाच्या सवयीत आहे. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करायची किंवा इंजिनच बंद करायचं. जड ट्रकचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात आणि ती हवा इंजिनवर फिरणारा कॉम्प्रेसर भरतो. इंजिन बंद असेल तर प्रत्येक वेळी पॅडल दाबल्यावर टाकीतली हवा कमी होते आणि नवी येत नाही. गिअरमधल्या इंजिनचा रोधही गेलेला असतो. २०२२ च्या नवले पुलाच्या अपघातानंतर तपासात पुढे आलं तेही हेच: चालकानं उतारावर इंजिन बंद केलं होतं. ट्रक नवा असो की जुना, त्याची फिटनेस तपासणी झालेली असो, या सवयीपुढे कोणतंही प्रमाणपत्र उपयोगाचं नाही.

म्हणून उताराच्या तळाशी, अपघात झालेल्या जागी पथक उभं करून फारसं साधत नाही. तोवर ड्रम तापलेले असतात. साताऱ्याकडून येताना खेड शिवापूरचा टोलनाका कात्रजच्या नव्या बोगद्याच्या आणि उताराच्या आधी लागतो. तपासणीची, पाच मिनिटं थांबून ब्रेक थंड करण्याची आणि ‘गिअर काढू नका’ हे चालकाला समोरासमोर सांगण्याची जागा तिथे आहे.

इन्स्पेक्टर गाडीभोवती फिरतो तेव्हा

मोटार वाहन निरीक्षकाला कागदपत्रं बघायला आता फार वेळ लागत नाही. आरसी, फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी हे डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर दाखवलं तरी चालतं. खरी तपासणी गाडीभोवती फिरण्यात आहे.

टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. मागच्या जोडटायरांपैकी आतला टायर बसलेला असेल तर बाहेरून दिसत नाही, आणि मग सगळं ओझं बाहेरच्या टायरवर येऊन तो तापतो व फुटतो. जुने क्लीनर टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, टायरवर आपटून आवाजावरून हवा ओळखतात, ती रीत शास्त्रशुद्ध आहे. स्प्रिंगच्या पाट्यांमधला एखादा तुटलेला आहे का, चाकाच्या नटांभोवती गंजाचा ओघळ आलेला आहे का, स्टिअरिंग किती फुकट फिरतं, हवेच्या पाइपातून फुसफुस ऐकू येते का, हे सगळं डोळ्यांनी आणि कानांनी कळतं. हवेचा काटा बघायचा, पॅडल चार-पाच वेळा दाबून तो किती खाली येतो ते पाहायचं, परत भरायला किती वेळ लागतो ते मोजायचं.

मग मागची बाजू. मागच्या आडव्या लोखंडी पट्टीचं काम एकच आहे: मागून आदळलेली कार ट्रकखाली घुसू नये. कार खाली घुसली की तिचा बंपर, एअरबॅग सगळं निरुपयोगी ठरतं, कारण धडक थेट काचेवर आणि डोक्यांवर बसते. ही पट्टी वाकलेली, गंजलेली किंवा माल उतरवायला अडचण होते म्हणून कापून टाकलेली दिसते. परावर्तक पट्ट्यांचंही तसंच: पुढे पांढऱ्या, बाजूंना पिवळ्या, मागे लाल. ऊस हंगामात पश्चिम महाराष्ट्रात रात्री गाडी चालवणाऱ्याला त्यांची किंमत सांगावी लागत नाही. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, पट्टी नाही, ऊस बाजूला लोंबलेला. समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झोतात तो दिसतो तेव्हा ब्रेक दाबायला जागा उरलेली नसते.

ठरावीक काळानं फिटनेसची तपासणी होतेच, मग रस्त्यावर पुन्हा कशाला, असं कुणी विचारेल. नव्या मालवाहू वाहनाला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस घ्यावा लागतो. त्या दिवशी गाडी रिकामी, धुतलेली, कधीकधी उसने टायर लावलेली असते. रस्त्यावर ती भरलेली आणि थकलेली असते. उत्तर अमेरिकेत जड वाहनांच्या पूर्ण तपासणीचे ३७ टप्पे आहेत आणि तिथे दरवर्षी तीन दिवसांची मोठी मोहीम होते. तिच्यात दर पाच वाहनांमागे साधारण एक वाहन धोकादायक ठरून दुरुस्ती होईपर्यंत जागेवर थांबवलं जातं. त्या देशांतल्या गाड्यांकडेही कागदपत्रं असतातच.

‘गाडी मजबूत आहे, काही होत नाही’

ट्रकवाले हे मनापासून म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. आपल्या रस्त्यांसाठी बनवलेले ट्रक दणकट असतात, पाटे जादा टाकले की आणखी वजन झेलतात. पण पाटे जादा टाकता येतात, ब्रेकचे ड्रम मोठे करता येत नाहीत. चासी वाकत नाही म्हणून गाडी थांबेलच असं नाही.

दुसरा युक्तिवाद: जास्त भरलं तर फेऱ्या कमी होतात, म्हणजे रस्त्याचा फायदाच. हा हिशोब करून बघू. दहा चाकी टिपरच्या मागच्या एक्सल-जोडीवर २१ ऐवजी २६ टन आले तर चौथ्या घातानं तिच्यामुळे होणारं नुकसान सुमारे २.३ पट होतं. माल मात्र ३५-४० टक्केच जास्त गेलेला असतो. तेवढाच माल पोचवण्यासाठी, फेऱ्या कमी करूनही, रस्ता सुमारे पावणेदोन पट झिजतो.

‘रस्तेच निकृष्ट बांधतात, ट्रकांना कशाला दोष?’ दोन्ही खरं आहे आणि एक गोष्ट दुसरीला लपवते. वजनाची विश्वसनीय नोंद असेल तर रस्ता पाच वर्षांत का खचला, हे कंत्राटदाराला विचारता येईल. नोंद नसेल तर तो ओव्हरलोडकडे बोट दाखवेल आणि ट्रकवाला कंत्राटदाराकडे.

काट्यावर विश्वास ठेवावा का, हा प्रश्न महाराष्ट्रात फार जिव्हाळ्याचा आहे. साखर कारखान्यांच्या काट्यावरच्या काटामारीविरुद्ध शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली आहेत. उत्तर कायद्यात आहे: व्यापारी काटा असो वा नाक्यावरचा, वैधमापन विभागाकडून तो दर बारा महिन्यांनी पडताळून, शिक्का मारून घ्यावा लागतो. त्या पडताळणीचं प्रमाणपत्र मागायचा हक्क चालकाला आहे. आरटीओच्या पावतीवर शंका असेल तर दुसऱ्या शिक्क्याच्या काट्यावर वजन करून मागावं.

आणि हप्त्यांचं काय? ‘एंट्री’ दिली की गाडी सुटते, ही तक्रार ट्रकवाले उघडपणे करतात. जीएसटी १ जुलै २०१७ ला आल्यावर राज्यांच्या सीमेवरच्या करतपासणीची गरज उरली नाही. गुजरातनं २०१९ मध्ये आणि मध्य प्रदेशानं १ जुलै २०२४ पासून आपले परिवहन तपासणी नाके बंद केले, त्यामागे हीही तक्रार होती. महाराष्ट्रात सीमेवर २२ ठिकाणी मोठे नाके उभारण्याचा प्रकल्प आखला गेला. आच्छाड, हाडाखेड, इन्सुली ही नावं ट्रकवाल्यांना पाठ आहेत. नाका बंद केला की लाचेची एक जागा कमी होते, पण तिथला काटाही जातो. माणसाच्या हाती निर्णय जितका कमी तितकी लाच कमी, हे मला पटतं. चालत्या काट्याचा आकडा, गाडीचा क्रमांक आणि वेळ आपोआप नोंदली गेली तर कुणाला सोडायचं हे ठरवायला जागा उरत नाही. फक्त ती नोंद चलनावर थांबली तर मूळ प्रश्न तसाच राहतो: ट्रक ओझ्यासकट पुढे निघून गेलेला असतो.

ओझं कुठे भरलं जातं

दंड कुणाला होतो बघा. ओव्हरलोडसाठी चालकाचा परवाना किमान तीन महिने निलंबित करावा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनं राज्यांना सांगितलं आहे. कलम ११३ मध्ये आणखी एक गोष्ट आहे: चालक स्वतः मालक नसेल तर हे मालकाच्या माहितीनं किंवा हुकमानं झालं, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. कलम १९४ मध्ये गाडी चालवणाऱ्यासोबत ‘चालवायला लावणारा’ही येतो. म्हणजे खाणीवर, क्रशरवर, कारखान्याच्या गेटवर माल भरून देणाऱ्यापर्यंत जाण्याची वाट कायद्यात आहे. ती क्वचित वापरली जाते. चालकाला मात्र ‘एवढंच भरा’ म्हणायची सोय नसते. तो म्हणाला तर भाडं दुसऱ्याला जातं.

बांधकामाच्या मालात यामागे एक साधं कारण आहे. वाळू, खडी, मुरूम ब्रासवर विकला जातो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. आकारमान झालं, वजन नव्हे. कोरडी वाळू एका ब्रासला साडेचार टनांच्या आसपास भरते, ओली असेल तर आणखी. दहा चाकी हायवाचं, म्हणजे टिपरचं, पासिंग २८ टनांच्या घरात आणि रिकामं वजन साडेअकरा टन धरलं, तर कायद्यानं तिच्यात साडेसोळा टन, म्हणजे साडेतीन ब्रासपेक्षा थोडी जास्त वाळू बसते. घर बांधणारा पाच ब्रासची गाडी मागवतो, कारण बाजारात गाडी पाच ब्रासचीच मिळते. साडेबावीस टन वाळू आणि साडेअकरा टन गाडी, एकूण ३४ टन. सहा टन जादा. सापडली तर ३२ हजार दंड. न सापडली तर आपल्या दारात स्वस्त वाळू आणि गावच्या रस्त्याला खड्डा.

खाणपट्ट्यावर आणि क्रशरवर शिक्क्याचा काटा सक्तीचा करून, वाहतुकीच्या पासवर ब्रासऐवजी टन आणि गाडीचं पासिंग शेजारी-शेजारी छापलं, तर जादा गाडी गेटबाहेर पडण्याआधीच दिसेल. तिथे फावडं आहे, जेसीबी आहे, उतरवायला जागा आहे. आणि तोपर्यंत, घरासाठी वाळू मागवाल तेव्हा पुरवठादाराकडून भरलेल्या गाडीच्या वजनाची काट्याची पावती मागून घ्या आणि आरसीवरच्या आकड्याशी ताडून बघा. आपण मोजलेल्या पैशांत माल किती आला, तेही त्याच कागदावर कळतं.